अप्पर-डिप्परची मागची भानगड

बोलेरो, थार किंवा टेम्पोला जादा उजेडाचे दिवे बसवायचे म्हटलं की आज बोलणं थेट एलईडी आणि प्रोजेक्टरवर येतं. कोल्हापूरकरांच्या या हौसेला गरजेचीही जोड आहे. पावसाळ्यात करूळ आणि आंबा घाटात धुकं असतं, आणि गळीत हंगाम सुरू झाला की मागे एकही रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अंधारातून अचानक समोर येतात. तेव्हा उजेड पाहिजे, हे मान्यच. पण गेल्या पन्नास वर्षांतली भांडणं पाहिली तर उजेड किती यापेक्षा तो जातो कुठं, यावरूनच जास्त झाली आहेत.

अगदी जुना काळ थोडक्यात. सात इंची गोल दिवा अमेरिकेत १९४० मध्ये ठरला आणि आपल्याकडे अ‍ॅम्बॅसिडरपासून थारपर्यंत टिकला. आत आधी ४५/४० वॅटचा (अप्पर म्हणजे लांबचा झोत ४५, डिप्पर म्हणजे खाली वळवलेला झोत ४०) साधा बल्ब असायचा. नंतर हॅलोजनचा एच-४ आला, तो युरोपात १९७१ च्या सुमारास निघालेला. १२ व्होल्टच्या गाडीला ६०/५५ वॅट, २४ व्होल्टच्या ट्रकला ७५/७०.

खरी भानगड काळ्या रंगाची. १९७१ च्या युद्धात ब्लॅकआऊटसाठी गाड्यांच्या दिव्यांच्या काचा वरून अर्ध्या काळ्या केल्या गेल्या. युद्ध संपलं, पण रंगाचा डबा काही बंद झाला नाही. समोरच्याच्या डोळ्यांवर झोत येऊ नये म्हणून शांततेच्या काळातही ट्रक-जीपच्या काचांवर वरचा पट्टा नाहीतर मधोमध काळा ठिपका मारला जायचा. नाक्यावर मोहीम निघाली की ब्रश घेऊन माणूस उभाच. हेतू चांगला होता, पण एच-४ आतून कसा चालतो हे कुणी पाहिलंच नव्हतं.

या बल्बमध्ये डिप्परच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी असते. तिच्यामुळं डिप्परचा उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली वळून बहुतांशी काचेच्या वरच्याच भागातून बाहेर येतो. म्हणजे वरचा अर्धा भाग काळा केला की मेला तो डिप्पर! अप्परला पूर्ण रिफ्लेक्टर वापरायला मिळतो, त्यामुळं त्याचा निम्मा झोत खालून सुखरूप निघतो. डिप्परवर काही दिसेना म्हटल्यावर ड्रायव्हर अप्परवरच गाडी हाणणार, दुसरं काय करणार? ज्या त्रासावर उपाय म्हणून पट्टा मारला, तोच त्यानं वाढवला. मधल्या ठिपक्याचा तर फारसा उपयोगच नव्हता, कारण एच-४ बल्बचं टोक कारखान्यातूनच काळं येतं. पट्ट्याची बाजू घेणारे जुने ड्रायव्हर अजून भेटतात. त्यांना समोरून येणारी गाडी आठवते, स्वतःचा रस्ता नाही.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १०६ व्या नियमानं मोजमाप दिलं: दिव्यापासून ८ मीटर पुढं, उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंच असलेल्या डोळ्यांना झोत दिपवता कामा नये. हे दिव्याच्या सेटिंगच्या स्क्रूनं साधायचं काम, रंगानं नव्हे.

पुढं १००/९० वॅटचे बल्ब आणि रिलेचा (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) काळ आला. डिप्परच्या स्विचमधून सगळा करंट फिरवण्यापेक्षा बॅटरीवरून जाड वायर आणि रिले टाकला की कंपनीचा ६०/५५ बल्बसुद्धा उजळतो, हे उद्यमनगरातल्या इलेक्ट्रिशियनना चांगलं ठाऊक होतं. गिऱ्हाईक मात्र १००/९० च मागायचं, आणि मग वितळलेले होल्डर बदलायची कामं निघायची. त्यानंतर एचआयडी (तारेऐवजी वायूतल्या ठिणगीनं पेटणारे) किट आले आणि पाठोपाठ एलईडी. हॅलोजनची तार ज्या जागी जळते, तिथंच एलईडीची चिप नेमकी बसली नाही तर रिफ्लेक्टर झोत विस्कटतो. वर ६००० केल्व्हिनचा निळसर पांढरा उजेड धुक्यात डोळ्यांना जास्त खुपतो. घाटातले ड्रायव्हर पिवळा दिवा पसंत करतात, त्याला हा अनुभव आहे.

२०१९ मध्ये आधी मूळ रचनेत बदल नको असा न्यायालयीन निकाल आला. त्याच वर्षीच्या कायदा दुरुस्तीनं मालकानं परस्पर केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. गाड्या धरल्या जातात त्या बहुतेक बारवरच्या जादा दिव्यांसाठी. डिप्पर वर चढलेला ट्रक मात्र बिनदिक्कत सुटतो.

डिप्पर वर कसा चढतो, त्यामागचं गणित साधं आहे. दिवा ९० सेंटीमीटर उंचीवर असेल आणि झोताचा उतार १ टक्का (दर मीटरला १ सेंटीमीटर) ठेवला, तर १० मीटरवरच्या भिंतीवर झोताची वरची कड ८० सेंटीमीटरवर दिसते आणि झोत ९० मीटरवर रस्त्याला टेकतो. आता पुढच्या-मागच्या चाकांत २.७ मीटर अंतर असलेल्या गाडीत मागं माल भरला आणि मागची बाजू २.७ सेंटीमीटर दबली, की तो १ टक्का संपला. पाच सेंटीमीटर दबली की डिप्पर आभाळाकडे. म्हणून सेटिंग करायचं ते नेहमीचा माल भरून, टायरमध्ये हवा बरोबर ठेवून, ड्रायव्हर सीटवर बसवून. रिकाम्या गाडीवर केलेलं सेटिंग शिरोली एमआयडीसीतून माल भरून निघेपर्यंतच टिकतं.

भिंतीवर आणखी एक गोष्ट बघायची. आपण डावीकडून चालतो, म्हणून डिप्परची कड डावीकडे वर चढलेली पाहिजे. ती उजवीकडे चढत असेल तर तो सेट उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनलेला आहे. असा माल स्वस्तात सर्रास मिळतो. त्याचा स्क्रू कितीही फिरवला तरी अख्खा झोतच वरखाली होतो, चढ उजवीकडेच राहतो.