फोर्कलिफ्ट अपघात (गोदामाच्या धक्क्यावरील)

गोदामात माल चढविण्या-उतरविण्याच्या धक्क्यावर फोर्कलिफ्टमुळे (पुढील काट्यांवर भार उचलून नेणाऱ्या गाडीमुळे) कामगारास होणारी इजा किंवा मृत्यू. नागपूर परिसरात वाडी, बुटीबोरी, हिंगणा आणि मिहान येथील गोदामांमुळे हा विषय स्थानिक महत्त्वाचा ठरतो.

या यंत्राच्या उगमाविषयी मतभेद आहेत. क्लार्क या अमेरिकी कंपनीच्या १९१७ मधील ‘ट्रकट्रॅक्टर’ला बहुधा आद्यत्व दिले जाते, परंतु ते मुळात मालवाहू वाहन होते. उभ्या खांबावर भार वर चढविणारी, १९२३ च्या सुमारास येल अँड टाउनने आणलेली विजेवरील गाडी आजच्या रूपाला अधिक जवळची दिसते.

चाके चार असली, तरी पुढील दोन चाके व मागील आसाचा मध्यबिंदू असा टेकूंचा त्रिकोणच गाडीला तोलून धरतो. भारासह गुरुत्वमध्य त्रिकोणाबाहेर गेला की गाडी कलंडते; भार उंच धरून वळताना हे सहज घडते. गाडीच्या पाटीवर लिहिलेली क्षमता ठरावीक भारकेंद्रासाठीच (काट्यांच्या मुळापासून भाराच्या गुरुत्वमध्यापर्यंतच्या अंतरासाठीच) असते. उदाहरणार्थ, ५०० मिमी भारकेंद्राला २,००० किलो क्षमता असून पुढील आसापासून काट्यांच्या मुळापर्यंत ४०० मिमी अंतर असेल, तर भारकेंद्र ७०० मिमी होताच केवळ पुढे कलण्याच्या हिशेबाने क्षमता सुमारे १,६३६ किलोवर येते. वळण मागील चाकांनी घेतले जात असल्याने गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते व शेजारी उभा हमाल तिच्या आणि भिंतीच्या मध्ये चिरडला जातो. गाडी कलंडताना चालकाने उडी मारणे ही स्वाभाविक, पण बहुधा घातक प्रतिक्रिया होय, कारण माथ्यावरील संरक्षक सांगाडाच त्याच्यावर पडतो. पट्टा बांधून, सुकाणूचे चाक घट्ट धरून बसून राहणेच योग्य.

धक्क्यावरचा आणखी एक धोका म्हणजे फोर्कलिफ्टच्या ये-जा करण्याने ट्रक हळूहळू पुढे सरकून धक्का व ट्रक यांच्यात पडणारी फट. चाकांखाली ठोकळे लावणे व माल उतरेपर्यंत ट्रकची किल्ली गोदामात ठेवणे हे त्यावरचे साधे उपाय आहेत.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या व्याख्येत पॅकिंग व शीतगृहातील साठवणूक ‘उत्पादनप्रक्रिये’त मोडत असे, निव्वळ साठवणूक मात्र नाही, त्यामुळे एकसारख्या दोन गोदामांतील अपघातांना निरनिराळे नियम लागू शकत. हा अधिनियम पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेत सामावला. महाराष्ट्रात हमालांची नोंदणी १९६९ च्या माथाडी कायद्याखालील मंडळाकडे होते. चालक कंत्राटदाराचा असेल, तर जखमी व चालक यांचे मालक एकच नसतात.