नायकीचा नोकर वेगळा, नायकीचा बूट शिवणारा वेगळा

नायकी या अमेरिकी बूट-कपड्यांच्या कंपनीचा मुख्य अधिकारी बदलला आणि नायकीच्या कामगारांवर अन्याय झाला, या दोन बातम्या लोक एका दमात वाचतात आणि एकीचा दुसरीशी संबंध जोडून मोकळे होतात. बहुतेक वेळा तसा संबंध नसतो. निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला तरी हे चटकन उमगावं, कारण बिडीच्या धंद्यात आपण हेच पिढ्यानपिढ्या बघत आलोय.

बिडीच्या कट्ट्यावर लेबल कारखानदाराचं असतं, पण वळणारी बाई त्याचं तोंडही बघत नाही. तिला पानं-तंबाखू देणारा ठेकेदार. संध्याकाळी बिड्या मोजून घेणारा, सैल वळलेल्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढणारा आणि त्यांची मजुरी न देणाराही तोच. पेढीवर बापाच्या जागी मुलगा बसला, तरी तिच्या सुपातलं काम तेच. ‘मालक बदलला म्हणून दर वाढतोय काय वो?’ असं तीच विचारील.

नायकीचे स्वतःचे नोकर साधारण 80 हजार. ऑफिसांत, दुकानांत, गोदामांत. बूट-कपडे मात्र व्हिएतनाम, इंडोनेशिया, कंबोडियासारख्या देशांतले दुसऱ्यांच्या मालकीचे कारखाने शिवतात. तिथले कामगार 10 लाखांच्या वर, आणि त्यांचा पगार नायकी देत नाही.

2018 सालचा वाद पहिल्या गटातला. मुख्यालयातल्या स्त्रियांनी वागणूक आणि पगारातल्या भेदभावाबद्दल आवाज उठवला. मुख्य अधिकारीपदाचे वारस मानले जाणारे ट्रेव्हर एडवर्ड्स यांना जावं लागलं. इथे खुर्ची खरोखर हलली, कारण तक्रार घरातली होती. 2024 च्या ऑक्टोबरात मुख्य अधिकारी जॉन डोनाहो जाऊन एलियट हिल आले, ते विक्री मंदावल्यामुळे. शिवणाऱ्या हातांचा त्यात काही संबंध नव्हता.

दुसऱ्या गटाची लढाई निराळी आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. 1997 साली व्हिएतनाममधल्या एका कारखान्याचा तपासणी अहवाल बाहेर फुटला. रसायनांच्या वाफांनी कामगारांना श्वासाचे विकार जडले होते. 1998 च्या मे महिन्यात संस्थापक फिल नाइट यांनी जाहीर भाषणात कबूल केलं, की नायकीचं नाव गुलामीच्या मजुरीशी आणि सक्तीच्या जादा कामाशी जोडलं गेलंय. बुटांच्या कारखान्यात भरतीचं किमान वय 18 करण्याचं वचन त्यांनी तिथेच दिलं. म्हणजे मोठी माघार घेतली ती खुर्चीवरच्याच माणसाने, आणि मुख्य अधिकारी म्हणून ते पुढे 2004 पर्यंत राहिले.

बिडीवाल्या बाईच्या बाजूने 1966 चा कायदा तरी होता, तो ठेकेदाराच्या मागच्या मूळ मालकालाही जबाबदार धरायचा; 2025 च्या नोव्हेंबरात त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. परदेशातल्या बूट शिवणाऱ्यांच्या हाती मुख्यतः आचारसंहिता असते, आणि ती नायकीनेच लिहिलेली.

मग त्यांना मिळतं ते कुणाच्या दबावाने? मध्य अमेरिकेतल्या होंडुरासमध्ये नायकीचा माल शिवणारे दोन कारखाने देणी थकवून बंद पडले. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाने 2010 च्या एप्रिलमध्ये या कारणावरून, विद्यापीठाच्या नावाचे कपडे बनवण्याचा नायकीशी असलेला करार संपवला. जुलैत नायकीने कामगारांसाठी 15 लाख 40 हजार डॉलर देणं मान्य केलं. तेव्हा मुख्य अधिकारी मार्क पार्कर होते, आणि पुढची जवळजवळ दहा वर्षंही तेच होते.