युनायटेड थँक ऑफरिंग

अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चच्या स्त्रियांनी १८८९ साली सुरू केलेला आणि आजही चालू असलेला निधिसंकलनाचा उपक्रम. घरात पुठ्ठ्याची एक लहानशी निळी पेटी ठेवायची, देवाचे आभार मानावेसे वाटतील त्या त्या वेळी तिच्यात नाणे टाकायचे आणि साठलेली रक्कम चर्चच्या सेवाकार्याला द्यायची, एवढीच त्याची रीत. या साध्या रीतीमागे स्त्रियांच्या संघटनेचा मोठा इतिहास आहे. जमवलेल्या पैशांवर अधिकार कोणाचा, हा प्रश्नही त्यात पुन्हा पुन्हा येतो.

एपिस्कोपल चर्च ही अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चपासून आलेल्या, परंपरेतील अमेरिकन शाखा. तिच्या सर्वसाधारण अधिवेशनाने, म्हणजे दर तीन वर्षांनी भरणाऱ्या निर्णयसभेने, १८७१ मध्ये मिशन मंडळाला साहाय्यक म्हणून ‘वुमन्स ऑक्झिलिअरी’ ही स्त्रियांची संघटना स्थापन केली. मेरी ॲबट एमरी तिच्या पहिल्या सचिव. १८७६ मध्ये त्यांची धाकटी बहीण ज्युलिया चेस्टर एमरी त्या जागी आली, तेव्हा ती अवघी चोवीस वर्षांची होती. पुढची चाळीस वर्षे, १९१६ पर्यंत, तिने हे पद सांभाळले. गावोगावच्या मंडळींतून (म्हणजे स्थानिक चर्चच्या सभासदसमूहांतून) फिरून तिने स्त्रियांचे गट उभे केले. १९०८ मध्ये लंडनच्या पॅन-अँग्लिकन काँग्रेसला, म्हणजे जगभरच्या अँग्लिकनांच्या परिषदेला, हजर राहून ती पुढे जपान, चीन आणि फिलिपिन्समधील मिशनकार्य पाहायला गेली. एमरी घरातल्या चार बहिणी या कामात होत्या. ऑक्झिलिअरीची खरी बांधणी ज्युलियाच्या चिकाटीने झाली, असेच म्हणावे लागते. चर्चच्या दिनदर्शिकेत ९ जानेवारी हा तिचा स्मरणदिन आहे.

सुरुवातीचे बरेचसे काम वस्तुरूप होते. दूरच्या, नव्याने वसत असलेल्या मुलखातील मिशनऱ्यांच्या कुटुंबांसाठी स्त्रिया कपड्यांच्या पेट्या भरून पाठवत. मिशनरी घरातल्या माणसांची वये आणि मापे पत्राने कळवत. मग मंडळीतल्या बायका एकत्र बसून मुलाचा कोट, मुलीचा झगा, पांघरुणे शिवत. याच्या जोडीला विक्रीमेळे आणि चहापानाचे कार्यक्रम होत. हे श्रम कुठल्याही जमाखर्चात पुरते उतरले नाहीत.

सर्वांची अर्पणे एकत्र करून एकाच वेळी द्यावीत, ही कल्पना पिट्सबर्गच्या आयडा सोल यांनी मांडली. १८८९ च्या न्यूयॉर्क अधिवेशनाच्या वेळी पहिले ‘युनायटेड ऑफरिंग’ गोळा झाले आणि २,१८८ डॉलर जमले. त्यातून अलास्कात युकॉन नदीकाठच्या ॲन्विक येथील चर्चच्या बांधकामाला मदत मिळाली आणि लिसा लव्हेल यांना मिशनरी म्हणून जपानला पाठवता आले. पुढे महिला मिशनऱ्यांचे प्रशिक्षण, पगार आणि उतारवयातील निर्वाह यांसाठीही हा निधी आधार ठरला. नावात ‘थँक’ हा शब्द १९१९ मध्ये आला.

त्या काळच्या अमेरिकन स्त्रियांच्या या संघटित दातृत्वाचा महाराष्ट्राशीही संबंध आला, तो पंडिता रमाबाईंमुळे. १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. ते एका पंथाचे नव्हते, पण त्याच्या उपाध्यक्षांत एपिस्कोपल चर्चचे धर्मगुरू फिलिप्स ब्रुक्स होते. ठिकठिकाणच्या ‘रमाबाई सर्कल’मधील सभासद दहा वर्षे दरसाल एक डॉलर देण्याचे वचन देत. या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पहिले युनायटेड ऑफरिंग झाले तेही याच वर्षी.

चर्चला एवढा पैसा उभा करून देणाऱ्या स्त्रियांना निर्णयाच्या सभागृहात मात्र जागा नव्हती. पुरुषांचे अधिवेशन भरे तेव्हा त्या शेजारी स्वतःची त्रैवार्षिक सभा भरवत. १९४६ मध्ये मिसूरीच्या एलिझाबेथ डायर यांना प्रतिनिधी म्हणून बसू दिले गेले, पण १९४९ मध्ये निवडून आलेल्या स्त्रियांना पुन्हा नाकारण्यात आले. १९६७ मध्ये नियम बदलला आणि १९७० च्या ह्यूस्टन अधिवेशनात स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या. ऑक्झिलिअरी स्थापन झाल्याला तोवर नव्याण्णव वर्षे होत आली होती. हा उशीर अन्यायाचाच होता. आपल्या त्रैवार्षिक सभा स्त्रियांनी स्वतः चालवल्या होत्या, त्यामुळे कामकाज त्यांना नवे नव्हते.

आता निळ्या पेट्यांतील पैसे बहुतेक मंडळींत वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, गोळा होतात. पुरुष आणि मुलेही देतात. जमलेली रक्कम अनुदानरूपाने अमेरिकेत आणि जगभरच्या अँग्लिकन प्रांतांत (देशोदेशींच्या अँग्लिकन चर्चमध्ये) वाटली जाते. निधीचे मंडळ कितपत स्वायत्त असावे, यावरून २०१३ मध्ये वाद झाला. प्रस्तावित नियमांमुळे मंडळाचे अधिकार चर्चच्या मध्यवर्ती कचेरीकडे जातील, अशी हरकत घेऊन चार सदस्यांनी राजीनामे दिले.