नदी अडली म्हणून वसलेलं गाव

चीनच्या शांशी प्रांतात, पीत नदीच्या म्हणजे ह्वांग होच्या काठावर छीखौ नावाचं एक लहानसं गाव आहे. त्याची जन्मकथा नावातच आहे. 'छी' म्हणजे दगडगोट्यांवरून खळाळणारा उथळ प्रवाह आणि 'खौ' म्हणजे तोंड.

इनर मंगोलियातून दक्षिणेला वळल्यावर ही नदी सुमारे 725 किलोमीटर लांबीच्या घळईतून वाहते. डावा काठ शांशीचा, उजवा शेनशीचा. छीखौपाशी डावीकडून छ्यूश्वेइ ही छोटी नदी तिला मिळते. एरवी हिच्यात पाणी बेताचंच. पण जुलै-ऑगस्टमध्ये वळवासारखा पाऊस कोसळला की ती डोंगरातले धोंडे लोटत आणते. बारीक माती मोठी नदी वाहून नेते, पण धोंडे तिलाही हलत नाहीत. ते संगमाच्या तोंडाशीच पंख्यासारखे पसरतात. हजारो वर्षं हे चालू राहिलं आणि शेकडो मीटर रुंदीचं पात्र एका ठिकाणी ऐंशी-शंभर मीटरवर आलं. तिथून पाणी उसळत, आदळत खाली जातं. भरलेली नाव तिथून सुखरूप उतरवणं म्हणजे जिवावरचं काम.

म्हणून नावाडी वरच्या अंगालाच थांबायचे. चिंग राजवटीत या थांबण्यावर अख्खी बाजारपेठ उभी राहिली. निंगश्या, कानसू, इनर मंगोलियाकडून धान्य, मीठ, कातडी, ज्येष्ठमध आणि जवसाचं तेल नावांतून यायचं. इथे ते उतरवून खेचरांच्या आणि उंटांच्या पाठीवर चढायचं आणि डोंगर ओलांडून थाययुआनकडे, पुढे थेट पेइचिंग (म्हणजे बीजिंग) आणि थ्येनचिनपर्यंत जायचं. परतीला कापड आणि चहा. तेलाचा व्यापार तर एवढा, की 'छीखौच्या रस्त्यावर सगळं तेलच तेल, तीन दिवस वाहून नेलं नाही तर रस्ताभर ओघळेल' अशी म्हणच पडली.

आता घरांकडे बघू, कारण मला या गावात सर्वांत जास्त मोह पडतो तो त्यांचाच. भोवतालचे डोंगर लोएसचे, म्हणजे वाऱ्याने वाळवंटाकडून आणून टाकलेल्या पिवळ्या मातीचे. सुमारे पंचवीस लाख वर्षं ही धूळ साचत गेली. कित्येक ठिकाणी थर शंभर मीटरहून जाड आहे. तिचे कण पिठासारखे बारीक, पण कोनदार, आणि चुनखडीने एकमेकांना चिकटलेले. त्यामुळे कोरडी असेपर्यंत ही माती सरळ उभी कापली तरी कोसळत नाही. लोकांनी तिच्यात कमानदार गुहाघरं कोरली, त्यांना 'याओतुंग' म्हणतात. जाड माती बाहेरचं ऊन आणि थंडी आत पोचू देत नाही, म्हणून उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊब. जवळच्या लिच्याशान वस्तीत तर खालच्या घराचं छप्पर हेच वरच्या घराचं अंगण!

तीच माती भिजली की मात्र ढासळते. पावसाने ती धुऊन नदीत जाते, आणि म्हणूनच नदी पिवळी. विसाव्या शतकाच्या मध्यात ही नदी वर्षाला साधारण 160 कोटी टन गाळ वाहून नेत होती. धरणं, पायऱ्यापायऱ्यांची शेती आणि झाडांची लागवड यांमुळे आज हा आकडा त्याच्या लहानशा अंशावर आला आहे.

1923 मध्ये रेल्वे वरच्या अंगाला पाओथौपर्यंत पोचली आणि माल तिथूनच गाडीत चढू लागला. छीखौपर्यंत नाव आणण्याचं कारणच उरलं नाही. पुढे जपानी आक्रमणाने उरलासुरला व्यापारही मोडला. 23 मार्च 1948 रोजी माओ त्से-तुंग शेनशीतून पीत नदी ओलांडून याच परिसरात उतरले. त्यानंतर गाव जवळपास विस्मरणात गेलं. पैसा आला नाही म्हणून जुनी घरं पाडून नवी बांधली गेली नाहीत, आणि दगडी फरसबंदी, फळ्यांच्या दारांची दुकानं, उंटांचे तळ तसेच राहिले. 2006 मध्ये जागतिक स्मारक निधीने धोक्यातल्या वारशाच्या यादीत छीखौचं नाव घातलं.

संगमासमोरच्या टेकडीवर काळ्या ड्रॅगनचं देऊळ आहे. हा पाण्याचा देव. देवळापुढे नाटकाचा दगडी रंगमंच आहे, आणि त्यावर गायलेलं पलीकडच्या शेनशीतही ऐकू जातं असं गावकरी सांगतात. तिथून खाली पाहिलं की छोट्या नदीचे धोंडे आणि त्यांना वळसा घालून जाणारं पिवळं पाणी, दोन्ही एका नजरेत दिसतात.