बेसमेंटमधली तेलाची टाकी : निवड आणि निगा
मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी

बॉस्टनच्या आसपास जुनं घर घेताना छप्पर, खिडक्या, शाळा सगळं पाहून होतं. बेसमेंटच्या कोपऱ्यात चार पायांवर उभी असलेली, घर गरम करणाऱ्या तेलाची टाकी बहुतेकांना आठवते ती पहिल्या हिवाळ्यात. ही टाकी साधारण 275 गॅलनची, म्हणजे हजार लिटरच्या थोडी वर. भरल्यावर वजन एक टनाच्या घरात जातं. एवढं तेल गळून जमिनीत मुरलं, तर साफसफाईचा खर्च नव्या टाकीच्या कितीतरी पट होतो.

टाकी आतून सडते

बाहेरचा रंग शाबूत आहे म्हणून टाकी चांगली, असं समजू नका. तेलाच्या वर हवा असते आणि त्या हवेतला दमटपणा थंड पत्र्यावर थेंब होऊन धरतो. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी जाऊन बसतं, त्यात गाळ धरतो आणि तिथून पत्र्याला बारीक खड्डे पडत जातात. बाहेरून काही दिसेपर्यंत आतला कारभार आटोपलेला असतो.

आम्ही टाकी तपासायला आलो की आधी तिच्या पोटाखालून हात फिरवतो. बोटाला तेलकट ओल लागली, रंगाला फोड आलेले असले किंवा फिल्टरच्या भांड्यात दरवेळी पाणी आणि गंजाचा गाळ सापडू लागला, तर टाकी बदलायच्या मागे लागा. ठिगळ लावून चार दिवस निभावतात, पण ते नवी टाकी येईपर्यंतच.

कोणती घ्यावी

साधी एकपदरी लोखंडी टाकी स्वस्त पडते. ती घ्यायची तर 14 गेजपेक्षा 12 गेजची घ्या. आकडा लहान तितका पत्रा जाड. तेल निघण्याची तोटी तळाशी असलेली बरी, म्हणजे साचणारं पाणी फिल्टरपर्यंत येऊन काढता येतं.

दुपदरी टाकीत आत प्लास्टिक आणि बाहेर गॅल्व्हनाइज्ड पत्रा असतो. आतला पदर गळला तरी तेल बाहेरच्या पदरात अडतं आणि वरच्या खुणेवरून ते कळतं. महाग आहे, पण बेसमेंटमध्ये मुलं खेळत असतील किंवा आई-बाबा आल्यावर तिथे राहणार असतील, तर आम्ही हीच सुचवतो. दोन-तीन वर्षांत हीट पंप (विजेवर घर गरम करणारं यंत्र) बसवायचा विचार पक्का असेल तर आधी तसं सांगा. टाकी धडधाकट असेल तर उगाच नवी विकण्यात आम्हाला रस नाही.

जागा असेल तर टाकी घरातच ठेवा. बाहेरच्या टाकीतलं तेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं, मग त्यात केरोसीन मिसळावं लागतं, आणि ते महाग.

बसवताना

टाकी आणि बर्नर (बॉयलरचा तेल जाळणारा भाग) यांच्यात निदान 5 फूट अंतर हवं. गावाच्या फायर डिपार्टमेंटचा परवाना लागतो. तो आम्ही काढतो. तांब्याची तेलाची नळी सिमेंटच्या जमिनीखालून नुसतीच गेलेली असेल तर आम्हाला लगेच कळवा. राज्याच्या कायद्यानुसार घरगुती जोडणीत ऑइल सेफ्टी व्हॉल्व्ह (नळी गळली तर तेल थांबवणारी झडप) किंवा नळीवर संरक्षक आवरण, दोन्हींपैकी एक असायलाच हवं. मुदत 30 सप्टेंबर 2011 लाच संपली, तरी अजून काही घरांत दोन्ही नसतं. घराच्या विम्यात तेलगळती आपोआप धरलेली नसते; ती वेगळी मागून घ्यावी लागते, आणि त्या वेळी व्हॉल्व्ह किंवा आवरण बसवल्याचा कागद उपयोगी पडतो.

जुनी टाकी काढून गॅसवर गेलात तर भिंतीबाहेरचा फिल पाइपही (ट्रकमधून तेल भरायची नळी) काढायला लावा. टाकी गेली, पाइप राहिला आणि पत्ता चुकलेल्या ट्रकवाल्याने शेकडो गॅलन तेल थेट बेसमेंटच्या फरशीवर ओतलं, असे प्रकार या देशात घडलेले आहेत.

तेल भरताना

भरताना व्हेंट पाइपमधून शिट्टी वाजत राहते. तेल वर येतं तशी आतली हवा बाहेर पडते, तिचा तो आवाज. शिट्टी थांबली की ट्रकवाला नळ बंद करतो. सुरुवातीपासूनच शिट्टी नसेल तर त्याने भरूच नये, आणि तुम्हीही आग्रह करू नका. व्हेंटच्या तोंडाशी पक्ष्याचं घरटं किंवा बर्फ अडकला तर हवेला वाट राहत नाही आणि दाबाने टाकी फुटू शकते. मोठा बर्फ पडला की ड्राइव्हवेबरोबर तेवढी जागाही फावड्याने मोकळी करा.

टाकीवरचं तेलाची पातळी दाखवणारं गेज पाव भागावर आलं की तेल मागवा. उन्हाळ्यात टाकी रिकामी ठेवण्यापेक्षा भरून ठेवा, आत दमट हवेला जागा कमी उरते.

तेल संपलंच तर

बर्नरवरचं लाल रीसेट बटण एकदाच दाबा. पुन्हापुन्हा दाबलं की न जळलेलं तेल आत साचतं, आणि मग पेटतं तेव्हा भडका उडतो. रविवारी रात्री तेल मिळत नसेल तर पंपावरून पिवळ्या कॅनमध्ये 5-10 गॅलन डिझेल आणा, बॉयलर बंद करून बाहेरच्या फिल पाइपमधून ओता, गाळ खाली बसायला पंधरा मिनिटं थांबा आणि मग सुरू करा. पेट्रोल, म्हणजे इथलं 'गॅस', चुकूनही घालायचं नाही. तरीही पेटलं नाही तर नळीत हवा अडकलेली असते. ती काढायला आम्हाला बोलवा.

फोन करण्याआधी गेजचा आणि टाकीवरच्या माहितीच्या पट्टीचा फोटो पाठवलात तर सुटे भाग पहिल्याच फेरीत घेऊन येता येतात.