ऐनवेळचा पाळीबदल

ऐनवेळचा पाळीबदल म्हणजे कामगाराला आधी सांगितलेली कामाची वेळ, पाळी किंवा सुट्टीचा दिवस काम सुरू व्हायच्या थोडंच आधी बदलून सांगणं. बोलताना कोणी पाळीबदल म्हणत नाही. वाळूज एमआयडीसीत ‘शिफ्ट चेंज’ म्हणतात, एसटीत ‘ड्युटी बदलली’, दवाखान्यात ‘ऑफ कॅन्सल’, आणि सगळीकडे ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘ऐनटायमाला सांगायलेत’. थोडंच आधी म्हणजे किती, यावर एकमत नाही. अमेरिकेतल्या काही शहरांत १४ दिवसांच्या आतला बदल ऐनवेळचा धरतात, आपल्याकडे दोन दिवस आधी कळलं तर माणूस ‘वेळेवर सांगितलं’ म्हणतो आणि आदल्या रात्री मेसेज आला तरच कुरकुर करतो. ओव्हरटाइम हा वेगळा विषय आहे, इथं तास तेवढेच राहतात, पगार पण तेवढाच राहतो, फक्त ते तास दिवसातल्या दुसऱ्या जागी जातात, आणि म्हणूनच हिशोबाच्या कागदावर हे नुकसान कुठंच दिसत नाही.

शब्द

पाळी या शब्दाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगता येते. एक म्हणजे संस्कृत पालि, अर्थ ओळ, रांग, कड, म्हणजे रांगेत ज्याचा नंबर आला त्याची पाळी. दुसरी म्हणजे पाळणे या क्रियापदावरून, नेमून दिलेलं पाळायचं ती पाळी. दुसरी ऐकायला बरी वाटते पण पहिली जास्त टिकते, कारण हिंदीत शिफ्टला पालीच म्हणतात आणि मराठीतले जुने वापर बघितले तर सगळीकडे क्रमच दिसतो. कालव्याला पाणी सोडतात ती पाणीपाळी, शेतात ‘दुसरी पाळी घातली’ म्हणजे कुळव दुसऱ्यांदा फिरवला, आणि तुळजापूरच्या देवळात पूजेचा मान क्रमाने फिरतो तिथल्या पुजाऱ्यांच्या एका वर्गाला पाळीकर असंच नाव आहे. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे, पाळी कोणाची आणि कधीची हे सगळ्यांना आधीपासून माहीत असतं. कारखान्यात हा शब्द आला पण त्यातलं हे आधी माहीत असणं मात्र पूर्ण आलं नाही, असं म्हणावं लागतं.

बदली हा शब्द अरबी बदल वरून, फारसी-उर्दूतून आलेला. मुंबईच्या गिरण्यांत कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी उभा राहणारा तो बदली कामगार, सकाळी गेटवर येऊन उभं राहायचं आणि नाव पुकारलं तर आत. हा शब्द इतका पक्का झाला की इंग्रजीत लिहिलेल्या भारतीय कामगार कायद्यात पण तो न भाषांतरता बदलीच राहिला, औद्योगिक विवाद कायद्याच्या २५-सी कलमात त्याची व्याख्या होती.

पाटी आणि रजिस्टर

कामाच्या वेळा आधी जाहीर करून पाटीवर लावायच्या ही कल्पना आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ च्या पहिल्याच करारात स्पष्ट आहे. कलम ८ म्हणतं की काम कधी सुरू होणार, कधी संपणार, पाळ्या कशा आहेत हे मालकाने ठळक जागी लावावं आणि एकदा लावलं की सरकारने ठरवलेल्या रीतीनेच, तेवढी सूचना देऊनच बदलावं. भारताने हा करार १९२१ मध्ये मान्य केला, तोही आठवड्याच्या ६० तासांच्या खास सवलतीसह. मराठवाड्यापुरतं बघायचं तर औरंगाबादची कापड गिरणी १९ व्या शतकाच्या शेवटची आणि नांदेडची उस्मानशाही मिल साधारण १९२० च्या दशकातली, पण हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, ब्रिटिश हिंदुस्थानातले फॅक्टरी कायदे इथं आपोआप लागू होत नव्हते. त्यामुळे मुंबईच्या गिरणीचा इतिहास उचलून इथं चिकटवणं बरोबर नाही.

खरा आधार होता तो कारखाने अधिनियम १९४८ चा. कलम ६१ सांगायचं की प्रौढ कामगारांच्या कामाच्या वेळांची नोटीस कारखान्यात लावलेली पाहिजे, त्या वेळा आधी ठरवलेल्या पाहिजेत, आणि कामाच्या पद्धतीत बदल करून ही नोटीस बदलायची असेल तर बदलाच्या आधी निरीक्षकाला कळवायचं, शिवाय मागच्या बदलाला एक आठवडा झाल्याशिवाय निरीक्षकाच्या मंजुरीविना पुन्हा बदल करायचा नाही. कलम ६२ मध्ये कामगारांचं रजिस्टर, कोण कुठल्या गटात, कुठल्या रिलेत म्हणजे पाळीच्या तुकडीत. आणि या दोन्हीला बांधणारं कलम ६३, जे फार कमी लोक वाचायचे: पाटीवरच्या नोटिशीप्रमाणे आणि रजिस्टरमध्ये त्या कामगाराच्या नावापुढं आधी केलेल्या नोंदीप्रमाणे असेल तेवढंच काम, त्यापेक्षा वेगळं काम करायला लावायचं नाही आणि करू पण द्यायचं नाही.

सगळा वाद त्या ‘आधी’ या एका शब्दात अडकलेला. किती आधी ते कलमात नव्हतं. रात्री साडेनऊला रजिस्टरमध्ये नाव फर्स्टमधून सेकंडला हलवलं आणि दुसऱ्या दिवशी माणूस सेकंडला आला तर नोंद आधी केलेलीच ठरायची. त्यात केंद्राच्या आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे कामाच्या लेखी नियमांच्या नमुन्यात, स्पष्ट होतं की एकापेक्षा जास्त पाळ्या चालत असतील तर कामगाराला एका पाळीतून दुसरीत हलवता येतं, मात्र अख्खी पाळी बंद करायची असेल तर दोन महिन्यांची लेखी सूचना लागते. औद्योगिक विवाद अधिनियम १९४७ च्या ९-ए कलमाने सेवाशर्ती बदलायच्या आधी २१ दिवसांची सूचना ठेवली होती, चौथ्या अनुसूचीत कामाचे तास, विश्रांती आणि स्थायी आदेश सोडून केलेला पाळी सुरू-बंद-बदल हे विषय होते. एका वाचनाने एकट्यादुकट्याची पाळी हलवणं यात बसतच नाही कारण स्थायी आदेशातच तशी मुभा आहे. दुसऱ्या वाचनाने असं हलवणं रोजचंच झालं तर तो सेवाशर्तींतलाच बदल आहे आणि सूचना लागते. कागदावर पहिलं वाचन जास्त सरळ आहे. तरी कायद्याचा हेतू बघितला तर दुसरं जवळचं वाटतं, कारण पाटी लावायची ती कामगाराला आपला दिवस आखता यावा म्हणूनच ना.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० मध्ये सूचनेचे २१ दिवस कायम आहेत पण एक नवीन वाट ठेवलीय, तातडीची परिस्थिती असेल तर तक्रार निवारण समितीशी सल्लामसलत करून स्थायी आदेशांबाहेर जाऊनही पाळी बदलता येते, सूचना न देता. ही समिती २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी असायची आहे, मालक आणि कामगार दोघांचे सारखे प्रतिनिधी, एकूण जास्तीत जास्त १०. तातडी कशाला म्हणायचं हे पुढं कोर्टातच ठरेल, पण समितीतला कामगार प्रतिनिधी जागा असेल तर ‘ऑर्डर आलीय’ एवढंच कारण चालू नये.

आठवडी सुट्टीबद्दल जुना कारखाने कायदा जास्त नेमका होता. कलम ५२ प्रमाणे ठरलेल्या सुट्टीला कामावर बोलवलं तर त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी द्यायची, निरीक्षकाच्या ऑफिसला आणि कारखान्यात आधी नोटीस द्यायची, आणि कसंही फिरवलं तरी सलग दहा दिवसांपेक्षा जास्त काम सुट्टीशिवाय करून घ्यायचं नाही. बोलण्यातला सी-ऑफ म्हणजे कॉम्पेन्सेटरी ऑफ तो याच घरातला, फक्त तो तीन दिवसांत मिळायच्या ऐवजी ‘बघू पुढच्या महिन्यात’ होतो.

मराठवाड्यात

चिखलठाणा, वाळूज, शेंद्रा, पैठण या एमआयडीसी, जालन्याच्या स्टील भट्ट्या, लातूरच्या डाळमिल, परळीचं औष्णिक केंद्र, गळीत हंगामातले साखर कारखाने, एसटी आगारं आणि दवाखाने, पाळीचं काम मुख्यतः इथं. वाळूजच्या गाडीच्या सुट्या भागांच्या लहान कंपन्यांत बदलाचं कारण बऱ्याचदा वरून येतं, मोठ्या कंपनीने लाईन थांबवली किंवा वाढवली की खालच्या व्हेंडरला संध्याकाळी मेल, व्हेंडरकडून ठेकेदाराला फोन, ठेकेदाराकडून सुपरवायझरला, आणि सुपरवायझर रात्री ग्रुपवर टाकतो. प्रत्येक पायरीला दोन-तीन तास जातात आणि सगळा उशीर शेवटच्या माणसाच्या वाट्याला येतो. जालन्यात भट्टीचं गणित विजेवर चालतं, महावितरणच्या औद्योगिक दरात बरीच वर्षं रात्री १० ते सकाळी ६ ला सवलत होती म्हणून वितळवायचं काम रात्रीकडं ओढलं गेलं.

ठेक्यावरच्या कामगाराला तर गेटवरून परत पाठवतात. याचं उत्तर जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, हजर झाल्यापासून दोन तासांत काम दिलं नाही तर तो त्या दिवसापुरता ले-ऑफ म्हणजे कामाअभावी बसवून ठेवलेला समजायचा, पण नुकसानभरपाई वर्षभर सेवा झालेल्या मस्टरवरच्या माणसाला. बदलीवाल्याला नाही, आणि ठेकेदार बदलला की नवीन गेटपास, वर्ष पुन्हा एकपासून मोजायचं.

या नोंदीसाठी वाळूजजवळच्या रांजणगाव शेणपुंजीतल्या एका खोलीत जाऊन बसलो होतो. दहा बाय बाराची खोली, पाच जण, गाद्या तीन, म्हणजे तीन पाळ्या नीट चालल्या तरच सगळ्यांना झोपायला जागा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने फ, स, ना लिहिलेलं, आणि खिळ्याला दोऱ्याने खोडरबर बांधलेलं. पेन का नाही विचारलं तर एक जण म्हणला, भाऊ, पेनने लिहिलं की कागद फाटतो खोडून खोडून. एका चौकोनात कागद खरंच पातळ होऊन मागची तारीख दिसत होती.

इथं आणखी दोन वेळापत्रकं कामगाराच्या डोक्यावर असतात जी मुंबई-पुण्याकडच्या लिखाणात येत नाहीत. एक पाण्याचं. नळाला काही दिवसांआड पाणी, तेही तास-दीड तास, त्या दिवशी घरी माणूस लागतो, म्हणून लोक पाण्याच्या दिवसाला धरून आधीच आपसात पाळी बदलून घेतात. वरून बदल आला की ती सगळी जुळणी मोडते आणि टँकरचे पैसे खिशातून जातात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्या वर्षी पाणी भरायला घरी थांबावं लागलं म्हणून बुडलेल्या हजेऱ्या कोणत्याही मस्टरमध्ये वेगळ्या लिहिलेल्या नाहीत. दुसरं लाईटचं. गंगापूर, फुलंब्री, पैठणकडून रोज येणाऱ्या कितीतरी कामगारांची एक-दोन एकर जमीन असते, शेतीच्या फीडरला काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री थ्री फेज, हरभऱ्याला पाणी त्याच वेळेत द्यायचं. लाईट रात्रीची आणि ऐनवेळी नाईट लागली की बायको किंवा म्हातारा बाप अंधारात मोटर चालू करायला जातो, साप-विंचवाच्या रानात. शिफ्ट कंपनीत बदलते आणि धोका शेतात जातो.

एसटीच्या चालक-वाहकांना मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ होता, त्यात एका दिवसाची ड्युटी संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत सलग किमान ९ तास विश्रांती सांगितली होती. आषाढीच्या जादा गाड्या आणि दिवाळीत, त्यात मुक्कामी गाडी असली की या नऊ तासांवर सगळ्यात जास्त ताण येतो. कारखान्याच्या कायद्यात दोन पाळ्यांमधल्या अंतराचं असं थेट वाक्य नव्हतं, म्हणून रात्री बाराला सेकंड सुटलेला माणूस सकाळी सातला फर्स्टला उभा राहू शकायचा. युरोपीय संघात २००३ च्या निर्देशाने रोज सलग ११ तास विश्रांती ठेवलीय.

शरीरावर आणि घरावर

शरीराचं आतलं घड्याळ दिवसाला साधारण एक तासच सरकतं, आणि पुढं सरकणं म्हणजे उशिरा झोपणं त्याला सोपं जातं, लवकर झोपणं अवघड. म्हणून फर्स्ट-सेकंड-नाईट हा क्रम नाईट-सेकंड-फर्स्टपेक्षा बरा. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या एका खनिज कारखान्यात पाळी उलटीची सुलटी केली आणि दर आठवड्याऐवजी २१ दिवसांनी बदलली, तर कामगारांचं समाधान, तब्येत आणि उत्पादन तिन्ही सुधारलं असं १९८२ मध्ये सायन्स या नियतकालिकात छापून आलं. ऐनवेळच्या बदलाला मात्र क्रमच नसतो, त्यामुळे शरीर कुठल्याच बाजूला सरकत नाही, माणूस डबा उघडतो आणि भूक नसते, झोपतो आणि दोन तासांत उठतो. आम्लपित्त, चिडचिड, मशिनवर डुलकी, बोट सापडणं.

घरावरचा परिणाम बाईच्या नोकरीत जास्त दिसतो. नर्स असो की पॅकिंगवरची मुलगी, तिचा बदल म्हणजे सासूचा, शेजारणीचा, पोराला शाळेतून आणणाऱ्या रिक्षावाल्याचा पण बदल. एका बाईने सांगितलेलं विसरता येत नाही, पोरगी सहा वर्षांची, रोज रात्री विचारायची की ‘आई उद्या तू कुठली’, कारण फर्स्टची आई वेणी घालते आणि सेकंडची नाही.

इतर देशांत

२०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने मोठ्या दुकान-साखळ्यांना दोन आठवडे आधी वेळापत्रक देणं बंधनकारक केलं, २०१७ मध्ये सिएटल आणि न्यूयॉर्क, आणि राज्य म्हणून ओरेगॉनने. बदल केला तर त्याचे जादा पैसे, हा त्यातला मुख्य मुद्दा. युरोपीय संघाचा २०१९ चा निर्देश पण कामाच्या वेळा आधी कळवण्याबद्दल आहे. मालकाचं नुकसान होतं हा आक्षेप नेहमीचा, पण २०१८ मध्ये गॅप कंपनीच्या दुकानांतल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले, जिथं वेळा स्थिर ठेवल्या तिथं विक्री ७ टक्के वाढली. कपड्याच्या दुकानाचं गणित भट्टीला जसंच्या तसं लागणार नाही. तरी आधी कळवण्यात तोटाच आहे असं आता म्हणता येत नाही.

ऊसतोड

बीड, धाराशिव, जालन्याकडून जाणाऱ्या ऊसतोड कामगारांना ही सगळी नोंद लागूच होत नाही, कारण तिथं बदलायला वेळापत्रकच नाही. दिवसभर तोड, मग मोळ्या बांधून गाडीची वाट. गाडी कधी येणार ते कारखान्याच्या गव्हाणीवर किती रांग आहे त्यावर. रात्री दोनला हॉर्न वाजला की टोळी उठते, कोयतं म्हणजे नवरा-बायको दोघं, बाई चुलीजवळ निजलेलं पोर पाचटावर ठेवून मोळी डोक्यावर घेते, फळीवरून चढते, गाडी भरून जाते तोवर उजाडतं आणि मुकादम फडात उभा असतो.