वजनकाटा आधी आला, लांबीची फळी नंतर

सोलापूरच्या पूर्व भागातील अंगणवाड्यांमध्ये बाळाचे वजन घेण्याची रीत तिथल्या आजीबाईंनाही ठाऊक आहे. तान्ह्या बाळाची लांबी मोजणारा इन्फँटोमीटर मात्र तिथे अलीकडचाच. वाढीच्या मोजणीचा इतिहास पाहिला, तर हा क्रम उलटा वाटतो, कारण तिची सुरुवात उंचीपासूनच झाली होती. फ्रान्समधील माँबेयार या सरदाराने 1759 मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची 1777 पर्यंत दर सहा महिन्यांच्या आसपास नोंदवली, आणि वयानुसार वाढीचा वेग कसा बदलतो हे त्या नोंदींतून प्रथमच दिसले.

पुढे लोकआरोग्याच्या कामात मात्र वजन पुढे गेले. डेव्हिड मॉर्ले या डॉक्टरांनी नायजेरियातील एका गावात आईजवळच ठेवायचे वजनाचे कार्ड रूढ केले. आपल्याकडे 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिनेही वयानुसार वजन हाच निकष धरला. अपेक्षित वजनाच्या 80 टक्क्यांहून अधिक ते सर्वसाधारण आणि त्याखाली चार श्रेणी. महाराष्ट्रातील कुपोषणाच्या बातम्यांत वर्षानुवर्षे येणारी ‘तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतील बालके’ ती हीच. ही पद्धत सोपी होती, पण तिच्यात एक मोठी उणीव होती: दीर्घकाळच्या अपुऱ्या पोषणाने खुजे राहिलेले बाळ आणि गेल्या पंधरवड्यात जुलाबाने वाळलेले बाळ एकाच श्रेणीत बसत असे.

तुलनेसाठी वापरायचे बाळ कोणाचे, हाही प्रश्न होता. जागतिक आरोग्य संघटनेने 1970च्या दशकाअखेर स्वीकारलेल्या अमेरिकी तक्त्यांत तान्ह्या मुलांची आकडेवारी ओहायोतील एका अभ्यासातून घेतलेली होती आणि त्यांतील बहुतेक मुले वरच्या दुधावर वाढलेली होती. त्यामुळे केवळ अंगावर पिणारे सुदृढ बाळही काही महिन्यांनी तक्त्यावर घसरलेले दिसे, आणि ‘दूध पुरत नाही’ असे सांगून बाटली सुरू करण्याला आयतेच कारण मिळे. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत महागात पडलेली चूक हीच. ती सुधारण्यासाठी 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत, स्तनपान करणाऱ्या आणि अनुकूल परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांची मोजमापे घेतली गेली. भारतातील मुले दक्षिण दिल्लीची होती. त्यावरून 2006 मध्ये नवी मानके आली आणि त्यानंतर अंगणवाड्यांतील तक्तेही बदलले. लांबी-उंचीची साधने मात्र मोठ्या प्रमाणावर पोचली ती 2018 मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानामुळे.

हा उशीर समजण्यासारखा आहे. वजन क्षणात होते. लांबीला दोघी लागतात. टोपडे काढून बाळाला उताणे निजवायचे, एकीने डोके स्थिर फळीला टेकवून धरायचे, दुसरीने गुडघे हलकेच दाबून सरकती फळी तळव्यांना भिडवायची, आणि बाळ तर पाय आखडून घेतच असते. घरी विड्या वळणारी, हजार विड्यांमागे मजुरी मिळणारी आई पान-तंबाखूचे सूप बाजूला ठेवून आलेली असते, तेव्हा एवढा वेळ काढणे तिलाही जड जाते.

दोन वर्षांनंतर मूल उभे करून मोजतात. उभ्याने घेतलेले माप निजवून घेतलेल्या मापापेक्षा साधारण 0.7 सेंटीमीटरने कमी भरते, म्हणून दुसऱ्या वाढदिवसाच्या आसपास नोंदीत उंची किंचित घटलेली दिसली, तर आधीचे माप निजवून घेतले होते का, हे प्रथम तपासावे.